न्यूमोनियाचा रोगी आणि औषधाची निवड



इस्पितळाच्या व्हरांड्यांत ज्यांना एखादी रात्र काढावी लागली आहे, त्यांना तेथें वारंवार कानीं पडणारें एक वाक्य परिचयाचें असेल. रोगी न्यूमोनियानें आंत निजलेला असतो, बाहेर त्याचे आप्त उभे असतात, आणि डॉक्टर दिसतांच त्यांतला कोणी तरी हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, पैशाकडे पाहूं नका; सगळ्यांत भारी असेल तें अँटिबायोटिक द्या." या विनंतींत माया आहे, काळजी आहे, आणि वेळ पडल्यास कर्ज काढण्याची तयारीहि आहे. परंतु 'भारी' म्हणजेच 'योग्य' असें तिच्यांत गृहीत धरलेलें असतें, आणि तेवढें मात्र बरोबर नाहीं. तें कां बरोबर नाहीं, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. तेव्हां अमुक औषध घ्या, तमुक घेऊं नका, असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु डॉक्टर ज्या विचारानें औषध निवडतात, तो विचार कोणाहि सुशिक्षित माणसाला समजण्याजोगा आहे, आणि तो समजल्यानें रोग्याचें हितच होतें.

प्रथम रोगाकडे पाहूं. आपल्या फुप्फुसांत हवेचे असंख्य सूक्ष्म कोश असतात. श्वासाबरोबर आलेला प्राणवायु या कोशांच्या पातळ पडद्यांतून रक्तांत जातो. तेथें जंतूंचा शिरकाव होऊन ते कोश द्रवानें व पुवानें भरले, म्हणजे त्या स्थितीला न्यूमोनिया म्हणतात. अर्थात् न्यूमोनिया हें एका रोगाचें नांव नसून फुप्फुसाच्या एका अवस्थेचें नांव आहे. ती अवस्था आणणारे अपराधी मात्र पुष्कळ आहेत. न्यूमोकोकस हा त्यांतला जुना आणि नामांकित. त्याशिवाय हीमोफिलस, मायकोप्लाझ्मा, लेजिओनेला वगैरे मंडळी, इन्फ्लुएन्झासारखे विषाणु, आणि आपल्या देशांत ज्याला विसरून मुळींच चालत नाहीं, तो क्षयाचा जंतु. ताप, खोकला, धाप, छातींतील कळ हीं लक्षणें थोड्याफार फरकानें सर्वांचीं सारखींच. छातीच्या एक्स-रे चित्रांत पांढरा डाग दिसतो. पण त्या डागावर अपराध्याचें नांव लिहिलेलें नसतें.

मग आधीं जंतु ओळखावा आणि नंतर औषध द्यावें, हें सरळ दिसतें. परंतु त्यांत दोन अडचणी आहेत. बेडका किंवा रक्त घेऊन त्यांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवावे लागतात, आणि त्याला बहुधा दोन दिवस लागतात. धाप लागलेल्या रोग्याला तेवढा वेळ नुसतें ठेवणें धोक्याचें असतें. दुसरें असें कीं, दोन दिवसांनींहि उत्तर मिळेलच असें नाहीं. अमेरिकेंत शिकागो व नॅशव्हिल या शहरांतील पांच इस्पितळांत २०१० ते २०१२ या काळांत न्यूमोनियानें दाखल झालेल्या प्रौढ रोग्यांची कसून तपासणी करण्यांत आली. तिचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. तपासलेल्या २,२५९ रोग्यांपैकीं केवळ शेंकडा ३८ जणांत रोगाचें कारण सांपडलें. शेंकडा २३ जणांत विषाणु होते, आणि शेंकडा ११ जणांत जंतु. उत्तम साधनें असतांहि निम्म्याहून अधिक रोग्यांत अपराधी अखेरपर्यंत अज्ञातच राहिला.

तात्पर्य, डॉक्टरला पहिलें औषध अदमासानें द्यावें लागतें. परंतु अदमास वेगळा आणि 'अंदाजपंचे दाहोदरसे' वेगळें. गणिताच्या वर्गांत आम्ही मुलांना सांगत असूं कीं, उत्तर ठाऊक नसलें तरी दिलेल्या गोष्टींवरून तें कोणत्या मर्यादेंत असलें पाहिजे हें ठरवितां येतें. डॉक्टरांचा अदमास हा असाच असतो. दिलेल्या गोष्टी म्हणजे रोग्याचें वय, त्याचे जुने आजार, रोगाची तीव्रता, रोगी राहतो तो प्रांत, चालू असलेली सांथ, आणि गेल्या तीन महिन्यांत त्यानें घेतलेलीं औषधें.

या निवडीचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. १९३० च्या सुमारास न्यूमोनियावर सीरम टोंचीत असत. न्यूमोकोकसच्या अनेक पोटजाति आहेत. प्रत्येक जातीचें सीरम निराळें, घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तापासून केलेलें. आणि एकीचें सीरम दुसरीवर निरुपयोगी. त्यामुळें डॉक्टरला आधीं बेडका तपासून जात ठरवावी लागे. १९३८ सालीं इंग्लंडांत सल्फापिरिडीन हें औषध निघालें. 'एम अँड बी ६९३' या नांवानें तें गाजलें, आणि १९४३ च्या डिसेंबरांत कार्थेज येथें न्यूमोनियानें अंथरुणास खिळलेल्या चर्चिलसाहेबांनाहि तेंच देण्यांत आलें. पाठोपाठ पेनिसिलिन आलें. १९२८ सालीं फ्लेमिंग यांच्या दृष्टीस पडलेलें हें द्रव्य १९४० नंतर ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं रोग्याला देण्याजोगें केलें. या नव्या औषधांना पोटजातींचा विधिनिषेध नव्हता. जंतूची ओळख न पटतांहि रोगी बरा होऊं लागला, आणि ओळख पटविण्याची निकड मागें पडली.

या निश्चिंतपणाला १९७६ सालीं धक्का बसला. त्या वर्षीं जुलै महिन्यांत फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांचें एक अधिवेशन भरलें होतें. तेथून परतलेल्या लोकांना भराभर न्यूमोनिया होऊं लागला. एकंदर २२१ लोक आजारी पडले व त्यांतील ३४ दगावले. पेनिसिलिनच्या कुळांतील औषधें येथें फारशीं उपयोगीं पडलीं नाहींत. ज्यांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालें, ते रोगी त्या मानानें अधिक वांचले. १९७७ च्या जानेवारींत त्या जंतूचा शोध लागला, आणि सैनिकांच्या त्या संघटनेवरून त्याला लेजिओनेला हें नांव मिळालें.

असें कां झालें हें समजून घेतलें म्हणजे निवडीचें अर्धें कोडें उलगडतें. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या औषधांचें एक मोठें कुळ आहे. त्याला बीटा-लॅक्टॅम असें म्हणतात. जंतूच्या भोंवतीं जी भिंत असते, तिचें बांधकाम हीं औषधें बंद पाडतात. मग तो जंतु फुटून मरतो. न्यूमोकोकसवर हा उपाय नामी चालतो. परंतु मायकोप्लाझ्माला भिंतच नसते; जेथें भिंत नाहीं तेथें ती पाडणाऱ्याचें काय काम? लेजिओनेला आपल्याच शरीराच्या पेशींत दडून बसतो, आणि तेथें या औषधांचा प्रभाव पडत नाहीं. उलट अझिथ्रोमायसिनसारखीं मॅक्रोलाइड कुळांतील औषधें पेशींच्या आंत पोंचतात, आणि जंतूची प्रथिनें तयार करण्याची यंत्रणाच अडवितात. म्हणूनच दाखल झालेल्या रोग्याला पुष्कळदां सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखें एक बीटा-लॅक्टॅम आणि त्याच्या जोडीला एक मॅक्रोलाइड देतात. आप्तांना हीं दोन औषधें पाहून रोग फार बळावला असें वाटतें. वस्तुतः ती दोन तऱ्हेच्या अपराध्यांसाठीं केलेली तरतूद असते. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखें एकच औषध दोन्ही कामें करूं शकतें. परंतु त्याविषयीं आपल्या देशांत एक मोठी सावधगिरी बाळगावी लागते. तिच्याकडे मी पुढें वळणार आहें.

ही जोडी प्रत्येकाला हवीच काय? नेदरलंड्समधील सात इस्पितळांनीं हा प्रश्न प्रत्यक्ष कसोटीला लावला. अतिदक्षता विभागाची गरज नसलेले २,२८३ रोगी त्यांत होते. कांहीं महिने नुसतें बीटा-लॅक्टॅम, कांहीं महिने जोडी, कांहीं महिने लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या कुळांतील औषध, असा क्रम इस्पितळांना लावून दिला होता. नव्वद दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ९.०, ११.१ आणि ८.८ असें आलें. २०१५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अशा रोग्यांत एकटें साधें औषध जोडीपेक्षां कमी प्रतीचें ठरत नाहीं. अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०१९ सालीं केलेल्या नियमांत मात्र नुसत्या बीटा-लॅक्टॅमऐवजीं जोडीला किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या कुळांतील एकट्या औषधाला पसंती दिलेली आहे. तेव्हां दोन चांगल्या डॉक्टरांनीं दोन निराळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, तर त्यांतला एक अडाणी असलाच पाहिजे असें समजण्याचें कारण नाहीं. अत्यवस्थ रोग्याला दोन औषधें द्यावींत, याविषयीं मात्र फारसा मतभेद नाहीं.

रोगी अत्यवस्थ आहे कीं नाहीं हें ठरविण्यालाहि गमक आहे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेली एक साधी पद्धति पांच प्रश्न विचारते. रोगी भ्रमिष्टासारखें बोलतो काय? रक्तांतील युरिया वाढला आहे काय? श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक आहेत काय? रक्तदाब फार उतरला आहे काय? वय ६५ किंवा त्याहून अधिक आहे काय? प्रत्येक 'होय'ला एक गुण. येथें मात्र गुण जितके जास्त तितकी चिंता अधिक. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर घरचें माणूसहि देऊं शकतें. आजोबा कालपासून असंबद्ध बोलूं लागले आहेत, ही गोष्ट तापाच्या आंकड्याहून पुष्कळदां महत्त्वाची असते.

आतां 'भारी' औषधांकडे वळूं. नेहमींच्या औषधांना दाद न देणारे कांहीं हट्टी जंतु असतात. त्यांत एमआरएसए या नांवानें ओळखला जाणारा स्टॅफिलोकोकस आणि स्यूडोमोनास हे प्रमुख. त्यांच्यासाठीं व्हँकोमायसिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम वगैरे औषधें राखून ठेवलेलीं असतात. २००५ सालीं अमेरिकेंत असा नियम झाला कीं, जो रोगी शुश्रूषागृहांत राहतो, ज्याचें डायालिसिस चालू आहे, किंवा जो गेल्या तीन महिन्यांत इस्पितळांत राहून आला आहे, त्याच्या अंगीं हे हट्टी जंतु असण्याचा संभव धरून त्याला प्रथमपासूनच भारी औषधें द्यावींत. हेतु चांगला होता. परंतु अनुभव असा आला कीं, अशा रोग्यांपैकीं बहुतेकांत ते जंतु नसतच. २०१९ सालीं तज्ज्ञांनीं तो नियम स्वतः होऊन मागें घेतला.

कोणी म्हणेल, "जंतु नसले तर नसोत, भारी औषध दिल्यानें बिघडलें काय?" बिघडतें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या इस्पितळांतील सुमारें ८८ हजार न्यूमोनिया-रोग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें दिसलें कीं, एमआरएसए गृहीत धरून ज्यांना जास्तीचें औषध दिलें, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण कमी नव्हतें. उलट अधिक होतें, आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचें प्रमाणहि अधिक होतें. जुन्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष अंतिम मानतां येत नाहीं, हें खरें. पण भारी औषध निरुपद्रवी असतें, ही समजूत त्यापुढें टिकत नाहीं. आपल्या आंतड्यांत उपकारक जंतूंची एक वसाहतच असते. भारी औषध शत्रु-मित्र न पाहतां ती उद्ध्वस्त करतें. मग रिकाम्या जागेंत दुसरे उपद्रवी जंतु घर करतात, आणि न्यूमोनियांतून उठलेला रोगी जुलाबांनीं खंगतो. शिवाय जे थोडे जंतु त्या औषधांतून वांचतात, ते त्या औषधाला सरावलेले असतात. ते एका घरापुरते राहत नाहींत. शेजारच्या खाटेवर जातात, आणि गांवांतहि पसरतात.

मग हट्टी जंतूची शंका खरोखरच केव्हां घ्यावी? पूर्वीं त्याच रोग्याच्या बेडक्यांत तो सांपडला असेल, किंवा गेल्या ९० दिवसांत रोगी इस्पितळांत राहून त्याला शिरेवाटे प्रतिजैविकें दिलीं गेलीं असतील, आणि विशेषतः रोग अत्यवस्थ अवस्थेंत असेल, तर शंकेला जागा आहे. अमेरिकेंतील ५९ इस्पितळांत या विचाराची परीक्षा झाली. तिचा निकाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. डॉक्टर भारी औषध लिहूं लागले कीं संगणक त्या विशिष्ट रोग्यांत हट्टी जंतु असण्याचा संभव किती हें दाखवी, आणि तो शेंकडा दहाहून कमी असला तर साधें औषध सुचवी. निर्णय डॉक्टरांच्याच हातीं होता. एवढ्यानें भारी औषधांचा वापर शेंकडा २८ नें उतरला, आणि अतिदक्षता विभागांत हलवावें लागणाऱ्या रोग्यांची संख्या वाढली नाहीं.

हे सारे परदेशचे दाखले झाले. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू पडत नाहींत, आणि याचें पहिलें कारण क्षय हें आहे. लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या कुळांतील औषधें क्षयाच्या जंतूवरहि चालतात. ऐकावयास हें चांगलें वाटतें. पण त्यांतच धोका आहे. न्यूमोनिया समजून तें औषध दिलें, तर क्षय अर्धवट दबतो. आठ-दहा दिवस रोग्याला बरें वाटतें, बेडक्यांतील जंतु कमी दिसतात, खरें निदान लांबतें, आणि तेवढ्यांत जंतु त्या औषधाला सरावण्याची भीति असते. क्षयावरील उपचारांत जें औषध पुढें मोठ्या उपयोगाचें, तेंच असें वायां जातें. म्हणून दोन-तीन आठवड्यांचा खोकला, उतरत चाललेलें वजन किंवा रात्रीं येणारा घाम असेल, तर डॉक्टर हें औषध टाळतात व आधीं क्षयासाठीं बेडका तपासतात. दुसरें कारण असें कीं, आपल्या मोठ्या इस्पितळांतून क्लेब्सिएलासारखे जंतु कार्बापेनेम कुळाच्या औषधांनाहि दाद देईनासे झाले आहेत. प्रत्येक इस्पितळाचा जंतूंचा हिशेब निराळा असतो. तो ज्याच्यापाशीं आहे, त्याचा अदमास अधिक बरोबर येतो.

विषाणूंची गोष्ट तर आपण विसरतांच कामा नये. २००९ सालीं पुण्यांत स्वाइन फ्लूची सांथ आली, तेव्हां रोग्यांना तारणारें औषध ओसेल्टामिव्हिर हें होतें, प्रतिजैविक नव्हे. २०२० सालीं करोनाच्या दिवसांत अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घरोघर पोंचल्या. इंग्लंडांत इस्पितळांतील ७,७६३ करोना-रोग्यांवर त्या औषधाची रीतसर परीक्षा झाली, आणि २०२१ सालीं निकाल लागला कीं, त्यापासून कांहींहि लाभ झाला नाहीं. आपण मात्र तोंपर्यंत तें औषध मुठी भरभरून खर्चिलें होतें.

औषधाची निवड एकदां झाली म्हणजे संपली असें नाहीं. दोन-तीन दिवसांनीं तपासण्यांचे निकाल येतात, रोग्याची प्रकृति कोणत्या दिशेनें चालली आहे हें दिसतें, आणि तेव्हां डॉक्टर पुन्हां विचार करतात. नाकांतील स्रावाच्या तपासणींत एमआरएसए आढळला नाहीं, तर त्यासाठीं चालविलेलें औषध बहुधा बंद करतां येतें. ताप उतरला, श्वास सुधारला, तोंडानें खातां येऊं लागलें, म्हणजे इंजेक्शनाऐवजीं गोळ्या सुरू होतात. अशा वेळीं आप्त गडबडतात. 'औषध उतरविलें, म्हणजे आतां दुर्लक्ष होणार', असें त्यांना वाटतें. खरें पाहतां तो दिवस आनंदाचा असतो. अदमासाच्या जागीं आतां माहिती आली, असा त्याचा अर्थ. मुदतीचेंहि तसेंच. फ्रान्समधील एका परीक्षेंत तीन दिवसांत सुधारलेल्या साधारण तीव्रतेच्या रोग्यांचे दोन गट केले. एकाचें औषध तेथेंच थांबविलें, दुसऱ्याचें आठ दिवसांपर्यंत चालविलें. पंधराव्या दिवशीं बरे झालेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ७७, तर दुसऱ्यांत ६८ भरलें. म्हणजे थांबविल्यानें तोटा झाला नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेली ही गोष्ट मनावर ठसण्यासारखी आहे. मात्र केव्हां थांबावयाचें हें डॉक्टरांनीं ठरवावें. घरीं बसून आपण ठरवूं नये.

तर मग घरच्या माणसांनीं करावें तरी काय? पुष्कळ करतां येतें. पहिलें, गेल्या तीन महिन्यांत रोग्यानें कोणकोणतीं औषधें घेतलीं, तीं रिकाम्या पाकिटांसह डॉक्टरांपुढें ठेवावींत. दुकानदाराला विचारून घेतलेल्या गोळ्याहि लपवूं नयेत. ज्या कुळाचें औषध नुकतेंच पोटांत गेलें आहे, त्याला न जुमानणारा जंतु मागें उरला असण्याचा संभव असतो, म्हणून डॉक्टर शक्यतों निराळ्या कुळाकडे वळतात. दुसरें, मागील इस्पितळाचे कागद, विशेषतः जंतु-तपासणीचे, जपून ठेवावेत. तिसरें, 'पेनिसिलिन चालत नाहीं' एवढेंच सांगून थांबूं नये; केव्हां घेतलें होतें, पुरळ उठलें कीं श्वास कोंडला कीं नुसती मळमळ झाली, हें नेमकें सांगावें. अमेरिकेंत सुमारें शेंकडा दहा लोकांच्या नांवापुढें ही नोंद असते, आणि तपासून पाहिल्यास त्यांतील दहापैकीं नऊ जणांना पेनिसिलिन सुखरूप चालतें. चुकीच्या एका शब्दानें उत्तम औषधाचें दार आयुष्यभर बंद होतें. चौथें, घरांत कोणाला क्षय झाला असेल तर तें स्पष्ट सांगावें. लाजेनें दडविलेली ही एक गोष्ट साऱ्या निवडीची दिशा चुकवूं शकते. आणि पांचवें, डॉक्टरांना "भारी द्या" असें म्हणण्यापेक्षां "कोणत्या जंतूचा संशय आहे, आणि फेरविचार केव्हां करणार?" असें विचारावें. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाहीं.

एक गोष्ट शेवटीं सांगतों. प्रतिजैविक हें असें औषध आहे कीं, एका रोग्यानें घेतलेल्या मात्रेचा परिणाम दुसऱ्या रोग्याच्या औषधावर होतो. गांवच्या विहिरीचें पाणी जसें सर्वांचें, तसा या औषधांचा प्रभाव ही सर्वांची सामायिक ठेव आहे. खरोखर तहानलेल्यानें तिच्यांतून भरपूर उपसावें. त्यांत मुळींच कुचराई करूं नये, कारण गंभीर न्यूमोनियांत वेळेवर मिळालेली पहिली मात्राच जीव वांचविते. परंतु केवळ भीतीपोटीं उपसलेली प्रत्येक घागर उद्यांच्या कोणा तरी रोग्याच्या वांट्याची असते. आणि तो उद्यांचा रोगी आपल्याच घरचा असण्याचाहि संभव आहे. योग्य औषध, योग्य वेळीं, आणि हवें तेवढेच दिवस, एवढें पथ्य डॉक्टर व आप्त या दोघांनींहि पाळलें, तर ही विहीर आपल्या नातवंडांनाहि पुरेल.